नवरी बाहेर काढण्याची धून

"मनोलच्या मशकीत बुडालेली पोर रडते," असं रावनिना गावात म्हणत. म्हणणारे शेजारीच होते, आणि त्यांतल्या निम्म्या बायकांना लग्नाच्या दिवशी त्याच मशकीनं माहेराबाहेर काढलं होतं.

मशक म्हणजे गायदा, काखेत दाबून वाजवायचं वाद्य. बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची, एका फुंकणीची, दोन सुरेल नळ्यांची. बल्गेरियातल्या रोडोपीच्या डोंगरात नवरी उंबरठा ओलांडते ती गायदेच्या एका ठरलेल्या धुनेवर, आणि ओलांडताना पाण्यानं भरलेलं तांब्याचं भांडं उजव्या पायानं उडवते. पाणी जितकं लांब, तितका संसार सुखाचा. मनोलला ही धून बापाकडून आली होती.

अकरा वर्षांपूर्वी सोफियाहून चित्रपटवाले आले. दिग्दर्शकानं धून ऐकली आणि म्हणाला, "सुंदर आहे, पण जरा सावकाश. अजून सावकाश." पाहुण्याला नाही म्हणण्याची त्या घरात रीत नव्हती. मनोलनं धून ओढली, ताणली, पोळीसारखी लाटून पातळ केली. पुढे पडद्यावर दिसलं ते असं: नव्या नवरीची पांढरी ओढणी नदीत उलगडत खाली जाते, आणि वर तीच धून. देशभर लोक रडले. दर हिवाळ्यात तो चित्रपट टीव्हीवर लागे, आणि रावनिनातल्या मुली आयांना बजावत, "माझ्या लग्नात मनोलकाका नकोत हं."

खरी गोष्ट मनोलला एकट्यालाच ठाऊक होती. कोठारात वाजवायला बसलं की त्यालाही नदीच दिसे.

म्हणून धाकट्या भावाची मुलगी सेवदा येऊन म्हणाली, "काका, मला तुम्हीच बाहेर काढायचं," तेव्हा त्यानं नकारार्थी मान हलवली.

"आईला आजोबांनी काढलं, आत्याला तुम्ही. मला काय टेप लावून काढणार?"

"तुझी सासू ऐकायची नाही."

"सासूचं मी बघते. तुम्ही मशकीला तेल लावा."

सासू, प्लोवदिवची रुमियाना, ऐकणारी नव्हतीच. लग्नाच्या सकाळी ती अंगणात आली तीच लाउडस्पीकर घेऊन.

"व्याही, राग मानू नका. पण ती धून लागली तर मुलाला घेऊन मी माघारी जाईन. सुनेच्या पायाशी पाणी आणि कानाशी बुडण्याचं गाणं? ऐकूनच काटा येतो अंगावर!"

"आणि धून नसेल तर मी उंबरठा ओलांडणार नाही," सेवदा दारातूनच म्हणाली.

सगळं अंगण मनोलकडे पाहू लागलं. त्यानं गायदा काखेत घेतली, फुंकली, आणि चूक झाली. अकरा वर्षं एकट्यानं वाजवता वाजवता बोटं नकळत चित्रपटाच्या चालीवर गेली होती. धून निघाली ती तशीच. ताणलेली, पाण्यात उतरत जाणारी. अंगण थिजलं. शेजारच्या म्हाताऱ्या कालिनानं छातीवर क्रूस काढला. सेवदाचा उजवा पाय अधांतरी राहिला. ती भांड्यातल्या पाण्याकडे एकटक बघत होती.

"बंद करा!" रुमियाना ओरडली. "ऐकलंत? हेच ते!"

पण गायदेचं तसं नसतं. तोंड काढलं तरी कातड्यात वारा उरतो, आणि कोपराचा दाब असेपर्यंत सूर तुटत नाही. मनोलनं फुंकणी सोडली आणि धून वाजत असतानाच कडाडला,

"सेवदे! पाण्याकडे काय बघतेस? माझ्या पायाकडे बघ!"

त्यानं टाच दगडावर आपटली. दोन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. बापानं धून आधी पायांत शिकवली होती, बोटांत नंतर. टाच पुढे निघाली, बोटं तिच्यामागे धावली, आणि मरगळलेली धून झटक्यात आपल्या मूळ मापावर आली. मनोलनं डोळे मिटून पाहिलं. नदी नव्हती. बापाचे बूट होते.

सेवदानं असा पाय मारला की भांडं ठणठणत फाटकापर्यंत गेलं आणि पाणी थेट रुमियानाच्या नव्या बुटांवर उडालं.

"अगं बाई, सासूपर्यंत पोचलं!" कालिना ओरडली. "आता विहीणबाईंना कुठं पळता यायचं नाही!"

अंगण खदखदून हसलं, हातांत हात गुंफले गेले, रिंगण फिरू लागलं. तिसऱ्या फेऱ्याला रुमियाना रिंगणात होती. ओल्या बुटांनी, सगळ्यांच्या पुढे. दुपारपर्यंत धून पाच वेळा मागितली गेली. द्राक्षं उतरायच्या आत आणखी तीन घरांतून मनोलला बोलावणं आलं.

हिवाळ्यात चित्रपट पुन्हा लागला. दुसऱ्या दिवशी कालिनानं कुंपणावरून हाक मारली.

"मनोल, काल तुझी धून लागली बघ. ती पोर तिकडे बुडतेय आणि इकडे माझे पाय हलायला लागले! रडूच येईना. सगळी मजा गेली. त्या बिचाऱ्या दिग्दर्शकाला काय वाटेल रे?"

"त्यानं अकरा वर्षं माझी लग्नं बिघडवली," मनोल म्हणाला. "मी त्याची नदी बिघडवली. फिटंफाट."