आबांनी चाल लांबवली

लग्नात भांडण लागलं की बँड बंद करायचा नसतो, उलट जोरात वाजवायचा, हे महाळुंगे पडवळच्या सावळेरामआबांना त्यांच्या चुलत्यानं मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. "पावण्यांचं वाजलं की आपून त्याच्या वर वाजवायचं. लोकांला ऐकू गेलं तर लगीन मोडतं, न्हाई गेलं तर निभतं." त्या एका वाक्यावर आबांनी पस्तीस वर्षं क्लॅरिनेट फुंकलं. पिंपळवंडीच्या एका लग्नात नवरदेवाच्या चुलत्यानं नवरीच्या मामाची कॉलर धरली, तेव्हा आबांनी अशी काही तान घेतली की लोकांना वाटलं दोघं नाचतायत. चौघं जण टोप्या उडवत त्यांच्यात जाऊन नाचलेसुद्धा.

हाच कायदा आबांनी घरीही लावला. बायको लंकाबाई बोलायला लागली की आबा पेटी उघडून क्लॅरिनेट पुसायला घ्यायचे आणि मग वाजतंय का ते बघायचे. "येवढा वारा चुलीत फुकला असता," लंकाबाई म्हणायची, "तर ग्यास घ्यावा लागला नसता." त्यावरही आबा एक छोटीशी चाल वाजवायचे. कुणाला 'नाही' म्हणणं त्यांच्या तोंडून व्हायचंच नाही, कारण तोंड कायम दुसऱ्या कामात. रिकामं असलंच तर त्यातून चारच शब्द यायचे, "बरं, तुमी म्हनाल तसं."

पोरीच्या, सोनलच्या लग्नातही आबा स्वतःच वाजवायला बसले होते. पेठच्या सुनीलशी लग्न, त्याचा पाण्याच्या जारचा धंदा. वरात निघायच्या वेळी सुनीलच्या आईनं साड्यांवरून आवाज चढवला, आबांनी सवयीनं पट्टी चढवली. तेवढ्यात सोनलनं मांडवातून त्यांच्याकडे बघून काहीतरी म्हटलं. ओठ हललेले आबांना दिसले. काय म्हटलं ते कळलं नाही.

लग्नानंतर सुनीलनं दोनदा हात उचलला. दोन्ही वेळा सोनल माहेरी आली, दोन्ही वेळा आबांनी तिला एसटीत बसवून पेठला नेऊन पोचवलं. "सुनीलराव, सांभाळून घ्या." सुनील म्हणायचा, "आईला इचारतो, आबा." तिसऱ्यांदा ती दिवाळीत आली ती परत गेलीच नाही. हमरस्त्यालगत बाळासाहेबांचं कृषी पर्यटन केंद्र आहे, तिथं पाहुण्यांच्या नोंदी करायच्या कामाला लागली. आणि परवा गुरुवारी, ती कामावर असताना, सुनीलचा मामा गेणू दोन माणसं घेऊन घरी आला. चहा प्याला, बशी उपडी ठेवली आणि म्हणाला, "सोमवारी बैठक धरतो. गाडी संगंच आनतो, म्हंजे पुन्ना हेलपाटा नको. काय आबा?"

"तुमी म्हनाल तसं," आबा म्हणाले.

हे त्यांनी सोनलला सांगितलं नव्हतं. गुरुवारी ती दमून आली होती. शुक्रवारी ती खुशीत होती. आणि शनिवारी दोघांनाही कामावर जायचं होतं, कारण महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाळासाहेबांकडे पुण्याची मंडळी हळू नाच शिकवायला यायची.

डीजे आल्यापासून आबांचा बँड मोडला होता. ड्रम विकला, ट्रंपेटवाला सिक्युरिटीत लागला. बाळासाहेबांनी आबांना बोलावलं ते फोनवरच. "क्लारनेट हाय का अजून? घिऊन या. पुन्याचे लोक म्हंत्यात खरं वाजवनारं मानूस पायजे. ब्लूज का काय म्हंत्यात." पहिल्या शनिवारी आबांनी वरातीची चाल धरली आणि पुण्याची आठ माणसं एकमेकांच्या पायांवर पडली. गिटारवाला शौर्य जवळ येऊन म्हणाला होता, "काका, सुपर आहे, पण थोडं… दमलेलं द्या ना." मग आबांना कळलं. नवरी पोचवून रिकाम्या हातानं परत येताना बँडवाले स्वतःपुरतं जे वाजवतात, ते. ते त्यांना भरपूर येत होतं.

जागा टोमॅटो भरायच्या शेडची. क्रेट रचून केलेल्या ओट्यावर आबा आणि शौर्य. खाली बायकांनी गोल करून उभं राहायचं, प्रत्येकीपुढं एक पुरुष. चाल संपली की पुरुषांनी एक घर उजवीकडे सरकायचं. बाळासाहेब नव्या माणसांना हे दर वेळी समजावून सांगत, "कॅनॉलचं रोटेशन हाय बगा. आपली पाळी सपली की पुढच्याला पानी."

शिकवणाऱ्या वैजयंती मॅडम. त्यांचं मराठी जिना उतरल्यासारखं. "ओके, सो, वजन खाली सोडा. खाली. अजून खाली. नाचायचं नाहीये, चालायचंय, पण मनापासून. आणि समोरच्याला ढकलू नका, बोलवा."

"या ना, या," बाळासाहेब समोरच्या बाईंना म्हणाले. गुळाची ढेप उचलावी तसे त्यांनी हात लांब धरले होते.

सोनल गोलात असायचीच. एखादी बाई कमी पडली म्हणून मॅडमनी तिला आत ओढलं होतं, आणि तीन महिन्यांत ती पुण्याच्या बायकांपेक्षा बरी चालायला लागली होती. त्या शनिवारी मात्र कमी पडला तो पुरुष. नेमका जार उतरवायला सुनील आला होता. बाळासाहेबांनी आवाज दिला, "ए पानीवाले, चपला काढ आन हुबा ऱ्हा." सुनीलनं सोनलकडे बघितलं, चपला काढल्या आणि उभा राहिला.

आबा डोळे मिटून वाजवायचे. एक चाल झाली, मॅडम म्हणाल्या, "अँड चेंज," आबांनी डोळे उघडले तर गोलात जावई. सोनल त्याच्यापासून आता एकाच घरावर.

ही चाल संपली की सुनील सोनलपुढं उभा राहणार. सुनीलच्या पोटात पाणी टिकत नाही, धंदा पाण्याचा असला तरी. सोमवारचं तो पहिल्याच पावलाला सांगणार.

आबांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि चाल सुरू केली. मुहूर्त टळतो, गुरुजी सापडत नाहीत, नवरदेवाची गाडी मंचरच्या पुढं पंक्चर होते, अशा वेळी चाल कशी लांबवायची हे आबांना कुणी शिकवायला नको होतं. गालात वारा भरून ठेवायचा, नाकानं श्वास घ्यायचा, आणि शेवट आला असं वाटलं की मागच्या दारानं पुन्हा आत शिरायचं. तीन मिनिटं झाली. पाच झाली.

"काका, एंड?" शौर्यनं हळूच विचारलं. आबांनी मान हलवली.

सात मिनिटं. मॅडम म्हणाल्या, "नाइस. ही थोडी लांब आहे. श्वास घेत राहा."

"आबा," बाळासाहेब गोलातून म्हणाले, "भटजी आला न्हाई का काय अजून?"

"काका, माझी बोटं गेली," शौर्य म्हणाला.

आबांच्या कानशिलावरच्या शिरा तटतटल्या. सोनल एका चष्मेवाल्या माणसाबरोबर चालत होती, डोळे मिटून. तिचे खांदे खाली उतरलेले होते. घरात ते कायम कानांपर्यंत असायचे, आणि आबांना वाटायचं की पोरीची ठेवणच तशी. आता ते बघताना त्यांना चालीचा अजून एक वेढा घ्यायचा होता, फक्त एक. पण पन्नाशी उलटलेली. अकराव्या मिनिटाला छातीतला वारा संपला आणि चाल जिथं होती तिथंच बसली.

"अँड चेंज!" मॅडम म्हणाल्या. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पुरुष एक घर सरकले.

सोनलनं सुनीलपुढं दोन बोटं धरली, हात नाही. सुनीलनं ती धरली आणि दोन चालींमधल्या शांततेत, जार उतरवताना बोलतो त्या आवाजात म्हणाला, "सोमवारी येतोय गाडी घिऊन."

"कुटं?"

"तुला न्यायला. आबांनी शबुद दिलाय मामाला. आईनं खोली झाडून ठिवलीय."

शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. आबांचा हात कायद्यानं वर गेला, क्लॅरिनेट तोंडाला लागलं. भांडण लागलं, वर वाजवा. त्यांनी फुंकलं. आतून नुसता वारा आला, सायकलच्या ट्यूबमधून येतो तसा.

"आबा," सोनल म्हणाली, "व्हय?"

जन्मभर हो म्हणायची सवय. "व्हय," आबा म्हणाले.

सोनलनं दोन बोटं काढून घेतली. "मॅडम, चेंज म्हना."

"अगं, पण आत्ताच तर…"

"म्हना वो," बाळासाहेब म्हणाले, "सोडा पानी फुडं."

"चेंज," मॅडम बारीक आवाजात म्हणाल्या. सुनील सरकला. पुढच्या बाई पुण्याच्या, रिटायर्ड, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वजन खाली हं." त्याला गोलातून बाहेर पडायचं कसं ते कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तो सरकतच राहिला.

शौर्यनं गिटार धरली. आबांना वाजवावं लागलं. वाजवता वाजवता त्यांनी मनाशी एक वाक्य जुळवलं. पावणं, सोमवारी येऊ नका. गोल फिरत सुनील ओट्यापुढं येणार होता, चार चालींनी. आबांनी ते वाक्य चारही चालींत घोळवलं. चौथ्या चालीच्या मधोमध सुनील हाताच्या अंतरावर आला, तेव्हा आबांनी पस्तीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. चाल अर्ध्यात तोडली आणि क्लॅरिनेट खाली घेतलं.

"पावणं," ते म्हणाले.

"अँड चेंज!" मॅडम म्हणाल्या.

सुनील सरकून पुढं गेला. त्याच्या जागी बाळासाहेब आले. "काय म्हनला, आबा?"

वाजवायचं तर बोलता येत नव्हतं, आणि बोलायला थांबलं की माणूस निघून जात होता. सुनील पुन्हा यायला आता आठ चाली, आणि बिबट्याच्या भीतीनं सातला शेड बंद. ते क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बसून राहिले. गोलाच्या पलीकडून सोनल त्यांच्याकडे बघत होती.

सातला रिकामे जार गाडीत भरून सुनील निघून गेला. सोनलनं स्कूटी काढली. आबा मागं बसायला गेले तर तिनं त्यांच्या हातातली पेटी काढून घेतली आणि स्वतःच्या पायांपाशी ठेवली.

"सोमवारी मी बोलनार हाय," ती हेल्मेट घालत म्हणाली. "तुमी निस्तं शेजारी बसायचं. ही पेटी माझ्यापाशी ऱ्हाईल."

"तू म्हनशील तसं."

"आन तेबी म्हनू नका."

आबा मागं बसले. रस्त्याला लागल्यावर बऱ्याच वेळानं, तिच्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, "तुज्या लग्नात, वरात निघताना, तू मला कायतरी म्हनली व्हतीस. मी वाजवत व्हतो."

सोनलला आठवायला वेळ लागला. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, त्याला ओलांडून झाल्यावर ती म्हणाली, "पानी मागितलं व्हतं. सकाळपास्नं उपाशी व्हते."

"मंग?"

"मंग काय. न्हाई भेटलं."