डब्यातले बोंबील आणि पेटीतला चहा

वडिलांची गिरणी संपात बंद पडली त्या वर्षी मी साकीनाक्याला चहाच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. कारखाना म्हणजे काय, एका गाळ्यात दोन लांब टेबलं, तीन तराजू, पाकिटाचं तोंड चिकटवायचं एक यंत्र आणि आम्ही सहा बाया. मी घाटकोपरहून बसने जायचे. पहिल्याच आठवड्यात मी मालकांना म्हटलं, या वेलची चहात वेलची कुठेच नाही, नुसता अर्क आहे, आणि तोही जुना. एवढं बोलायला नको होतं. त्या दिवसापासून चहा चाखायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

रोज सकाळी कामाला बसायच्या आधी पांढऱ्या कपांची रांग लागायची. प्रत्येकात चिमूटभर पत्ती, वर उकळतं पाणी, घड्याळ लावून पाच मिनिटं. दूध नाही, साखर नाही. मग चमच्याने घोट घ्यायचा, तोही फुर्रकन आवाज करून, आणि बादलीत थुंकायचा. मालक हे कुठल्याशा दलालाकडून शिकून आले होते. घरी कुणी असा चहा प्यायलं असतं तर आईने पाठीत धपाटा घातला असता.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ते आवडलं. तोपर्यंत चहा म्हणजे आमच्या घरची भुकटी, तीन उकळ्या आणि भरपूर साखर, एवढंच मला ठाऊक होतं. इथे आसामची गोळीदार पत्ती जिभेला करकचून धरायची. निलगिरी हलका, पटकन सुटणारा. आणि दार्जिलिंगच्या लांब पानाला कधी ओल्या गवताचा, कधी द्राक्षाच्या सालीचा वास. तो घोट थुंकायला माझ्या जिवावर यायचं.

पण मालकांना माझं मत नको असायचं. त्यांना होकार हवा असायचा. बाजारात नुकतीच वेगवेगळ्या स्वादाची पाकिटं दिसू लागली होती आणि मालकांनी त्याचा ध्यास घेतला होता. गुलाब झाला, संत्रं झालं, एकदा केवडासुद्धा झाला.

"कसा आहे?"

"संत्र्याच्या गोळीसारखा लागतोय. त्यात लोक दूध घालणार."

"तू लोकांचं सोड. तुला कसा वाटला?"

"मला नाही आवडला."

"हं. म्हणजे चालेल."

असं दर दोन दिवसांनी. मग तो चहा पाकिटांत भरायचा, दुकानांत जायचा आणि महिन्याभराने परत यायचा. परत आला की मालक माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच तो केला होता. रिकाम्या पोटी सात-सात कप चाखून मला पित्त व्हायला लागलं. केसांना अर्काचा वास इतका बसायचा की बसमध्ये बाया वळून बघायच्या. आई म्हणायची, "सोड ना मग." सोडून खायचं काय, ते मात्र ती सांगत नव्हती.

माझ्या शेजारी तराजूवर खारदांड्याची एक कोळीण बसायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. नवऱ्याची होडी दुरुस्तीला पडली होती, म्हणून तिने हे काम धरलं होतं. तिचा हात इतका पक्का की शंभर ग्रॅमचं पाकीट ती न मोजता भरायची आणि काटा बरोबर मधे उभा राहायचा. डब्यात बहुतेक सुके बोंबील नाहीतर सुकट. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी एकमेकींच्या डब्यात हात घालायचो.

एक दिवस बोरिवलीच्या एका दुकानदाराने दार्जिलिंगची सगळी पाकिटं परत पाठवली. चिठ्ठीत लिहिलं होतं, मालाला कसलातरी वास येतो. मालकांनी पाकीट फोडून हुंगलं. त्यांच्या गालात दिवसभर तंबाखू असायची. त्यांना त्या पाकिटात काय कळणार होतं? पण ते सरळ आमच्या टेबलाशी आले आणि कोळणीला म्हणाले, "तुझ्या डब्याचा वास आहे हा. चहा वास ओढून घेतो, हजारदा सांगितलंय. उद्यापासून येऊ नकोस. बोलावीन तेव्हा ये."

ती म्हणाली, "माझा डबा तिकडे खिडकीत असतो. झाकण लावलेलं असतं."

"मासळी ती मासळी."

हे मालक दर रविवारी पापलेट खायचे. सोमवारी आम्हाला वर्णन करून सांगायचे. तिने डबा पिशवीत टाकला, ओढणीने हात पुसले आणि गेली.

परत आलेल्या पाकिटातली चिमूट मी कपात घातली. पाच मिनिटं थांबून घोट घेतला आणि मला लगेच कळलं. मासळी कुठेच नव्हती. ती अगरबत्ती होती, चंदनाची. गाळ्याच्या कोपऱ्यात मालकांनी देव मांडला होता आणि दार्जिलिंगची उघडी पेटी नेमकी त्याच्या खाली ठेवलेली. सकाळ-संध्याकाळ चार-चार काड्या लागायच्या आणि धूर त्या पेटीवर उतरायचा.

आता हे सांगायचं कसं? आम्ही बौद्ध. मालकांच्या देवामुळे चहा नासला असं मी म्हटलं तर ते काय ऐकतील, हे मला न विचारता ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "हा अगरबत्तीचा वास आहे. पेटी तिथून हलवा, एवढंच."

त्यांनी गालातली तंबाखू या गालातून त्या गालात नेली. "तुला आमच्या देवाचं काय करायचंय गं?"

"देवाचं काही नाही. पेटीचं म्हणतेय."

"तू तिची मैत्रीण आहेस म्हणून बोलतेस."

माझं डोकं तापलं. रोज सकाळी माझी जीभ लागते आणि ती खरं बोलली की मी कुणाचीतरी मैत्रीण होते. मी म्हटलं, "बरं. नवी पेटी फोडा. एकाच पत्तीचे तीन डबे भरू. झाकणं उघडी ठेवू. एक देवाखाली, एक खिडकीत बोंबलाच्या डब्याशेजारी, एक तुमच्या कपाटात, जिथे कसलाच वास नाही. आठवड्याने त्या बोरिवलीवाल्यांनाच बोलवा. कुठला डबा कुठे होता ते त्यांना सांगायचं नाही."

ते तयार झाले, पण मला खोटं पाडायला मिळेल म्हणून. बोंबील मीच आणले, घाटकोपरच्या बाजारातून, आणि रोज माझ्या डब्यात घालून खिडकीत ठेवले. आईने ते आठवडाभर रोज परतून दिले आणि रोज विचारलं, कारखान्यात नक्की कसलं काम करतेस.

आठवड्याने दुकानदार आले. साठीचे, शांत गृहस्थ, बसने घामाघूम होऊन आलेले. मी तीन कप मांडले. मालक खुर्ची ओढून समोर बसले. बाकीच्या बाया यंत्र बंद करून उभ्या राहिल्या.

पहिला कप, देवाखालचा. त्यांनी घोट घेतला, थुंकला. "हाच तो. देवळात बसून चहा प्यायल्यासारखं वाटतं."

मी मालकांकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतही नव्हती आणि गरजही.

दुसरा कप, कपाटातला. हा सगळ्यात चांगला निघणार याची मला खात्री होती. मी तो चाखला नव्हता, कारण मी चाखलं तर मालक म्हणाले असते, तू शिकवून ठेवलंस. दुकानदारांनी कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"हे काय आहे? डांबरगोळ्या?"

मालक उठले आणि कपाट उघडलं. वरच्या खणात त्यांच्या लग्नातला कोट घडी करून ठेवला होता, चारी खिशांत डांबरगोळ्या. कसर लागू नये म्हणून. घरी बायको ठेवू देत नव्हती, असं नंतर कळलं.

तिसरा कप, खिडकीतला. दुकानदारांनी एक घोट घेतला. थुंकला नाही, गिळला. आणखी एक घेतला. मग कप हातात धरून म्हणाले, "हा द्या मला. हाच माल द्यायचा होतात ना आधी. हा कुठे ठेवला होता?"

मीच म्हटलं, "सुक्या बोंबलाशेजारी."

दुकानदार हसले. मालक हसले नाहीत. दुकानदारांना त्यांनी बिस्किटं दिली, माल बदलून द्यायचं कबूल केलं आणि खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेले. मी वाट बघत उभी राहिले. वाटलं, वर येतील आणि चुकलं म्हणतील. निदान, तिला बोलवा, एवढं तरी म्हणतील.

ते वर आले, पहिल्या कपातला उरलेला चहा हुंगला आणि म्हणाले, "चंदन वाईट नाही लागत पण. चंदन चहा काढला तर?"

मला रडू यायचं बाकी राहिलं. मी म्हटलं, "आधी कोळणीला बोलवा."

"तू सांग तिला. तुझी मैत्रीण आहे."

रविवारी मी खारदांड्याला गेले. ती दारात बसून बोंबील काठीवरून उतरवत होती. उन्हात सगळीकडे तोच वास, आणि माझं नाक त्या सात दिवसांत इतकं तयार झालं होतं की मला तो ताजा कुठला आणि जुना कुठला हेही कळायला लागलं होतं. तिने चहा दिला, भरपूर साखरेचा, आल्याचा. मी सगळं सांगितलं. डांबरगोळ्यांपाशी आल्यावर ती इतकी हसली की हातातले बोंबील खाली पडले. मग ते वेचता वेचता तिने विचारलं,

"माफी मागितली त्याने?"

"नाही."

"मागणार?"

"नाही वाटत."

"मग तू कशाला इतकं केलंस गो?"

 तिच्यासाठी केलं होतं, हे खरं. पण माझ्या जिभेवर कुणी विश्वास ठेवत नाही याचा संताप त्याहून मोठा होता, आणि ते तिच्यासमोर बोलायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "चहा छान झालाय."

ती म्हणाली, "येईन. होडी अजून उभीच आहे, यावं लागेल. पण डब्यात काय आणायचं ते मी ठरवणार. तसं सांग त्याला."

मी तसं सांगितलं. मालकांनी विचार केला आणि निकाल दिला की डबे आत खायचे नाहीत, जिन्यात खायचे. बोंबील असो की बटाटा. देव जागच्या जागी राहिला, पेटी हलली. कोटही कपाटातच राहिला.

मग आम्ही सहाही जणी जिन्यात जेवायला लागलो, पायरीपायरीवर डबे मांडून. वरच्या गाळ्यातले लोक वाट मागत यायचे, आम्ही डबे उचलायचो, पुन्हा ठेवायचो. पंधरा दिवसांत मालकांकडे तक्रार आली की तुमच्या बाया जिना अडवतात. ते माझ्याकडे आले, हातात चंदन चहाचा पहिला कप.

"तुझ्यामुळे झालं हे सगळं," म्हणाले. "आणि हा जरा चाखून बघ."