हेर ड्रेसलर आणि आठ चकल्या

हेर ड्रेसलर, आपल्याकडचे श्रीयुत ड्रेसलर, कच्चं मांस खायचे. म्हणजे अगदी कच्चं. डुकराचा गुलाबी, ओला खिमा, अर्ध्या पावावर थापलेला, आणि त्यावर बारीक चिरलेला कांदा. जर्मनीत ही न्याहारी आहे आणि भलीभली माणसं ती करतात, हे मला आता माहीत आहे. पण त्या पहिल्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी आणि माझा नवरा सुहास त्यांच्या टेबलासमोर बसलो होतो आणि ते आमच्या देखत शांतपणे तो पाव संपवत होते. मी जन्माची शाकाहारी बाई. खिडकीबाहेर बघत बसले होते. पाव संपल्यावर त्यांनी ओल्या कागदी रुमालाने एकेक बोट पुसलं, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, दहाच्या दहा. आणि त्याच बोटांनी आमची फाइल उघडली.

"आल्झो," ते म्हणाले, म्हणजे 'तर मग', "आता आपण तुमचा आठवडा करू."

सुहास डार्मश्टाटजवळच्या एका छोट्या कंपनीत पंपांची डिझाइनं करायचा. शनिवार-रविवारीही घरी बसून काम करायचं, ही त्याची पुण्यापासूनची खोड. त्यासाठी तो ड्रॉइंग स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवायचा. दुसरी नोकरी मिळाली म्हणून त्याने राजीनामा दिला, तशी कंपनीने ती सगळी ईमेलं उकरून काढली आणि चोरीची तक्रार केली. परदेशी माणूस, पळून जाईल, म्हणून अकरा दिवस कोठडी. आमच्या वकीलबाईंनी खटपट करून त्याला बाहेर काढलं ते तीन अटींवर: पासपोर्ट जमा, घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा, आणि खटला उभा राहीपर्यंत कोर्टाचे अधिकारी हेर ड्रेसलर यांची देखरेख. पट्ट्याचं खोकं आमच्या हॉलमध्ये बसवलं होतं. ठरलेल्या वेळा सोडून सुहास त्या खोक्यापासून लांब गेला की ड्रेसलरांना कळणार. एक चूक झाली की पुन्हा कोठडी, आणि मग खटल्यापर्यंत बाहेर येणं विसरायचं.

त्या वेळा ठरवायलाच दर गुरुवार. पुढच्या आठवड्यातला प्रत्येक अर्धा तास ड्रेसलर पेन्सिलीने आखायचे. दूध-भाजी, चाळीस मिनिटं. मुलीला शाळेत सोडणं, पंचवीस. कचरा टाकणं, दहा. वॉशिंग मशीन इमारतीच्या तळघरात आणि तिथे पट्ट्याचा सिग्नल पोहोचत नाही, म्हणून ते एकदा स्वतः येऊन जिने मोजून गेले आणि 'तळघर, कपडे, मंगळवार साडेपाच ते सहा' असं लिहिलं. त्या भेटीत त्यांनी बाथरूमचं दार उघडून आत पाहिलं, बाल्कनीत सुहासला चार कोपऱ्यांत उभं केलं, आणि जाताना माझ्या पलंगाखाली वाकून बघितलं. कशासाठी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. ते गेल्यावर मी सगळी फरशी डेटॉलने पुसली.

आवाज कधी चढवला नाही त्यांनी. तेच जास्त खुपायचं. उंच, किडकिडीत, पन्नाशी उलटलेला माणूस, स्वेटर नेहमी मोरपंखी, दाढी गुळगुळीत. "फ्राऊ निकम, प्लान तो प्लान," हे आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळायचं. आणि दुसरं, "लिहिलं नाही ते झालं नाही." हिशोब जुळला की "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोब्बर. सुहासला उशीर झाला, समजा बस चुकली, तर मिनिटाच्या आत फोन. "हेर निकम, आपण कुठे आहात?" सुहास एकदा वैतागून म्हणाला, "तुम्हाला माहीतच आहे ना मी कुठे आहे ते."

"मला माहीत आहे," ड्रेसलर म्हणाले. "मला ऐकायचं आहे."

फोन स्पीकरवर होता. तो आवाज ऐकून मला शिसारी आली. एखाद्याने लिंपून-सारवून ठेवलेल्या घरात चिखलाचे पाय घेऊन यावं, तसा तो माणूस आमच्या बोलण्यात येऊन बसला होता. मी आणि सुहास भांडायचं झालं तरी हळू आवाजात भांडायचो. खोक्याला कान नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दिवाळी आली. बार्शीला सासूबाईंना आम्ही एवढंच सांगितलं होतं की कोर्टाचं काहीतरी लागलंय आणि एक साहेब लक्ष ठेवून आहेत. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न हाच केला.

"अगं अनुजा, त्या साहेबांना फराळ नेऊन दिलास का?"

"अहो आई, इथे तसं काही नसतं."

"नसायला काय झालं? सणाचं माणसाला तोंड गोड नको करायला? पोस्टमनला देतो आपण, हे तर साहेब आहेत."

मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. माझे वडील कचेरीत होते. दिवाळीत आमच्या ओट्यावर डब्यांची रांग लागायची आणि आमच्याकडून तेवढीच उलट रांग जायची. त्यात देणंघेणं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. मी तीन सारखे स्टीलचे डबे भरले: आठ चकल्या, सहा रव्याचे लाडू, वर चिवडा. एक आमच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला, एक तळमजल्यावरच्या फ्राऊ हांकेंना, ज्यांची नात लेना माझ्या ईराची मैत्रीण होती. आणि तिसरा गुरुवारी ड्रेसलरांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?"

"आमचा सण आहे. घरी केलंय. शेजारच्यांनाही दिलंय."

ते उभे राहिले. ड्रॉवरमधून रबरी हातमोजे काढून चढवले. डबा उघडला आणि चिमट्याने उचलावं तशी एकेक चकली उचलून कागदावर मांडली. मोजली. लाडू मोजले. टपालाचं वजन करायच्या काट्यावर चिवडा ठेवला. माझ्या हाताचं, पहाटे उठून तळलेलं ते सगळं त्या टेबलावर गुन्ह्याच्या मुद्देमालासारखं पडलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मी परत नेते."

"तुम्ही दिलंत, फ्राऊ निकम. आता मला लिहावं लागेल." त्यांनी टाइप केलं, डबा कपाटात ठेवला. "सील नंतर करतो."

संध्याकाळी वकीलबाईंचा फोन. त्या ओरडल्याच. आरोपीच्या बायकोने देखरेखीवरच्या अधिकाऱ्याला भेटवस्तू दिली, याचा अर्थ कळतो का तुम्हाला? आठवड्याभरात सरकारी वकिलाचा अर्ज आला: आरोपीला पुन्हा कोठडीत घ्यावं. सुहास दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कोठडीत न्यायची पिशवी भरायला घेतली, दोन स्वेटर, दाढीचं सामान, ईराने काढलेलं चित्र. मी बघत होते आणि मनात एकच, की मी चकल्यांपायी नवऱ्याला तुरुंगात घातलं.

सुनावणीला ड्रेसलर त्याच मोरपंखी स्वेटरमध्ये आले. फाइल उघडून त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मी कान बंद करून घेणार, तोच लक्षात आलं की हे काही वेगळंच चाललंय. फ्राऊ निकम यांनी भेट देताना कोणतीही मागणी केली नाही. त्याच आठवड्यात त्यांनी त्याच आकाराचे डबे हाउसमाइस्टर आणि शेजारीण फ्राऊ हांके यांना दिले. अधिकाऱ्याने दोघांची समक्ष भेट घेतली. दोघांच्याही डब्यात आठ चकल्या, सहा लाडू. अधिकाऱ्याला शेजाऱ्यांपेक्षा एकही नग जास्त नाही. सबब, ही सणाची रीत दिसते.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही त्यातलं काही खाल्लंत का?"

"नाही. सगळं सीलबंद आहे."

अर्ज फेटाळला गेला. सुहास बाहेरच राहिला. बाहेर कॉरिडॉरमध्ये मी ड्रेसलरांचे आभार मानले, हात जोडून मानले, आणि ते जोडलेले हात मला अजून आठवले की तोंड कडू होतं.

कारण घरी आल्यावर कळलं, त्यांनी 'समक्ष भेट' कशी घेतली होती ते. दार वाजवून, ओळखपत्र दाखवून, आपण कोण आणि कशासाठी आलो हे सविस्तर सांगून. तोवर इमारतीत कुणालाही ठाऊक नव्हतं की तिसऱ्या मजल्यावरच्या हेर निकमच्या पायात पट्टा आहे. आता सगळ्यांना कळलं. हाउसमाइस्टरने डबा न धुता आमच्या दारात ठेवला. फ्राऊ हांके जिन्यात भेटल्या की भिंतीकडे बघायच्या. लेनाच्या वाढदिवसाचं बोलावणं ईराला आलं नाही. ईरा जेवताजेवता "वारूम, ममा?" विचारत राहिली, का, का, आणि मी तिच्या ताटात वाढत राहिले.

पुढच्या गुरुवारी मी ड्रेसलरांना विचारलंच. "तुम्ही त्यांना सगळं सांगायची काय गरज होती?"

"ओळख लपवून चौकशी करता येत नाही, फ्राऊ निकम."

"आमची मुलगी आहे लहान."

ते पेन्सिलीला टोक काढत म्हणाले, "चौकशी केली नसती तर तिचे वडील आत असते." आणि पाव खायला घेतला.

खरं होतं ते. म्हणून तर जास्त तिटकारा आला. वाईट माणसाचा राग करायला सोपं जातं. या माणसाने आम्हाला वाचवलं आणि त्याच हाताने उघडं पाडलं, आणि दोन्ही करताना बोटं तितक्याच काळजीने पुसली.

मे महिन्यात प्रकरण मिटलं. ईमेलं सुहासने स्वतःलाच पाठवली होती, पुढे कुणालाही नाही, हे एकदाचं सिद्ध झालं आणि खटला उभा न राहताच बंद झाला. पट्टा कापून काढला तेव्हा सुहासच्या घोट्याभोवती पांढुरकी, सोललेली कातडी होती. खोकं त्यांचा माणूस येऊन घेऊन गेला. उरला होता डबा. तो ताब्यात घेण्यासाठी ड्रेसलरांचं पत्र आलं, माझ्या नावाने.

मी एकटीच गेले. टेबलावर प्लॅस्टिकची सीलबंद पिशवी, त्यावर क्रमांक, आत माझा डबा. ड्रेसलरांनी कात्रीने पिशवी कापली आणि माझ्यासमोर पावती सरकवली. चकल्या, आठ नग. लाडू, सहा नग.

"मोजून घ्या," ते म्हणाले. "नियम आहे."

झाकण काढलं तसा खवट तेलाचा आणि बुरशीचा भपकारा तोंडावर आला. लाडूंवर हिरवी लव चढली होती. चिवडा काळवंडून एकमेकांत चिकटला होता. मी नाकाला पदर लावला आणि बोटांनी मोजलं. लाडू सहा. चकल्या सात.

पुन्हा मोजल्या. सात.

मान वर केली. ड्रेसलर ओल्या रुमालाने बोटं पुसत होते. त्या दिवशी टेबलावर पाव नव्हता. पुसायला काही नव्हतं. कान मात्र लालभडक झाले होते. न्यायाधीशांसमोर हा माणूस 'नाही' म्हणाला होता. मी पावतीवर आठ खोडून सात लिहिलं असतं, तर उद्या त्याच्याच कुणा साहेबाने त्याच्यासाठी फाइल उघडली असती. हे त्याला कळत होतं आणि मला कळतंय, हेही कळत होतं.

"हेर ड्रेसलर," मी म्हटलं, "एक कुठे आहे?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. मला ऐकायचं आहे."

त्यांनी रुमाल घडी करून ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "त्याच दिवशी. तुम्ही बाहेर पडल्यावर. एकच." आणि मग शाळकरी मुलासारखं, "फार छान होती."

मला ते ऐकताना बरं वाटलं. सूड उगवल्याचं बरं नाही, त्याहून खालचं काहीतरी. समोरच्या माणसाने आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट आपल्या तोंडावर कबूल करावी, यात केवढी गोडी आहे, ती मला जिभेवर कळली. हा माणूस नऊ महिने दर गुरुवारी तेच चाखत होता. त्या बुरशीच्या वासापेक्षाही मला तेव्हा माझीच जास्त किळस आली.

मी 'आठ'च्या खाली सही केली. त्यांनी पावती दोनदा वाचली, फाइलला लावली आणि उठून माझ्यासाठी दार उघडलं.

रस्त्यातल्या पहिल्या कचरापेटीत मी डबा चकल्यांसकट टाकून दिला. घरी सुहास दारातच उभा होता, नुसता उभा, जिन्यात, कुणाला न विचारता.

"मोजून घेतलंस ना सगळं?"

"हो," मी म्हटलं. "गेनाऊ आठ."