पत्त्याचाच पत्ता नाही

आमच्या वर्ध्यातल्या नालवाडीच्या ऑफिसात कामापेक्षा किस्से जास्त साचतात. काम अडलं की माणसं बोलायला लागतात, आणि मागच्या कापसाच्या हंगामाआधी काम फारच अडलं होतं.

हिंगणघाटच्या एका जिनिंगमधल्या वजनकाट्याचा आकडा थेट आमच्या सर्व्हरवर आणायचा, एवढंच काम. ते देवळीच्या प्रवीणकडे. नवीन माणूस, अजून प्रोबेशनवर. सर म्हणाले होते, "कापूस यायच्या आधी चाललं तर पर्मनंट. नाहीतर बघू." सरांच्या 'बघू'चा अर्थ आम्हाला ठाऊक होता.

* * *

सी भाषेत सर्व्हरचा पत्ता एका स्ट्रक्चरमध्ये भरून द्यावा लागतो. कसा भरायचा, हेच कुठे सापडेना. प्रवीणने लिनक्समधलं मदतीचं पान उघडलं. ते म्हणालं, दुसरं पान बघा. दुसरं म्हणालं, सातवा विभाग बघा. सातवा विभाग आमच्या मशीनवर टाकलेलाच नव्हता.

"सरकारी हापिसात फिरवतात, पण मंधात चहा तं भेटते," प्रवीण म्हणाला.

* * *

त्या स्ट्रक्चरमध्ये सगळ्या नावांना 'सिन' चिकटवलेलं. सिन पोर्ट, सिन फॅमिली, सिन झीरो. टेस्टिंग करणाऱ्या सुनंदाताईंनी मागून वाचलं.

"पाप झीरो दाखवते नं तुह्यं? मंग काऊन घाबरून राह्यला?"

प्रवीण हसला नाही. त्या दिवशी त्याने डबाही उघडला नाही. मला वाईट वाटलं.

* * *

शेवटी एका फोरमवर अगदी आमचाच प्रश्न सापडला. खाली विचारणाऱ्यानेच लिहिलेलं, "जमलं. आभार." कसं जमलं, ते नाही! त्या माणसाला मी मनातल्या मनात वर्ध्यापासून हिंगणघाटपर्यंत शिव्या घातल्या.

* * *

सरांनी कॉलेजचं जुनं पुस्तक आणलं. अनुक्रमणिकेत विषय होता, आत नेमकं ते पान नव्हतं. सरांनी पुस्तक मिटलं.

"महत्त्वाचं होतं ते. मी परीक्षेले फाडून नेलतं."

* * *

कापूस दोन दिवसांवर आला तेव्हा मी आणि प्रवीण काट्यावरच जाऊन बसलो. पत्त्यात पोर्टचा नंबर असतो, तो काट्यावर आणि सर्व्हरवर एकच लागतो. प्रवीणने पाच-सात नंबर बदलून पाहिले, आकडा पोचेना. काटा सांभाळणारे गजाननभाऊ सकाळपासून पाहत होते.

"माह्या गाडीचा नंबर टाक. ब्याऐंशी चोवीस. आजलोक कुठी बंद नाई पडली."

प्रवीणने वैतागून तोच टाकला. आकडा पोचला. प्रवीण तिथेच पायरीवर बसून रडला.

तो पर्मनंट झाला. पुढच्याचे हाल होऊ नयेत म्हणून सरांनी त्याला सगळं लिहून ठेवायला लावलं. त्याने लिहिलं, "पोर्ट ८२२४च ठेवावा. गजाननभाऊंच्या गाडीचा नंबर आहे. दुसरा चालत नाही."

महिन्याभराने कारण कळलं. पाठवताना नंबरचे दोन तुकडे उलटून द्यायचे असतात. आम्ही उलटत नव्हतो, आणि संगणकाच्या मोजणीत ८२२४चे तुकडे ३२ आणि ३२, दोन्ही सारखेच; उलटले काय, न उलटले काय. पण चालत्या गोष्टीला हात कोण लावतो? फाइल तशीच राहिली.

परवा नवीन आलेली इंजिनिअर ती फाइल वाचून सरांच्या केबिनमध्ये गेली. तिच्याकडे दुसऱ्या काट्याचं काम आलंय.

"सर, गजाननभाऊंकडे अजून एखादी गाडी आहे का?"