मागून घेतलेलं दुखणं

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. अमरावतीत आमचं मेडिकल आहे. दुखलं की गोळी, ताप आला की गोळी... माझं जग एवढंच. लेकराची दृष्ट काढायला निघालेल्या बाईच्या हातात मी आधी ओआरएस ठेवते. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही. मीही हसलेच असते.

आधी भास्करमामांबद्दल सांगते. हे माझ्या आईचे धाकटे भाऊ, हिवरखेडला शेती करतात. तरुणपणी अचलपूरच्या एका तालमीत कुस्ती खेळायचे. एकदा तिथे जीपमधून सरकारी माणसं आली आणि धडधाकट पोरं पाहिजेत म्हणाली. रोज दूध, अंडी, तूप, सगळं फुकट. पैलवानाला आणखी काय हवं असतं? मामा आणि त्यांचा जोडीदार युसूफ, दोघंही काही न विचारता जीपमध्ये चढले. गावाबाहेरच्या एका बंगल्यात त्यांना दुधातून कसलंसं गोड औषध द्यायचे, शेजारशेजारच्या खाटांवर निजवायचे, आणि डोक्यामागे बसलेला एक साहेब हळू आवाजात बोलत राहायचा. संमोहनच ते. जखम झाली तरी जवानाला दुखू नये म्हणून सरकारचं संशोधन चाललंय, बाहेर बोललात तर तुरुंगात जाल, अशी तंबी होती. मग एक दिवस बंगल्याला कुलूप लागलं आणि सगळे गायब. मामांची कुस्ती सुटली, झोप उडाली ती कायमचीच.

ही गोष्ट मामा घरातल्या प्रत्येक लग्नात सांगायचे, आणि आम्ही "हो का मामा" म्हणत त्यांच्या पानात जिलेबी वाढायचो. मी एकदा माहितीच्या अधिकारात अर्जही केला होता. अशी कुठलीही नोंद आढळत नाही, असं उत्तर आलं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मामांच्या शेतात रोडग्यांचा बेत होता. मी, माझे मिस्टर नितीन आणि आमची सात वर्षांची ओवी, अशी तिघं गेलो होतो. रोडगे म्हणजे कणकेचे जाडजूड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजलेले. आमच्याकडे शेवटचे दोन-चार रोडगे राखेतच राहू देतात, उशिरा येणाऱ्यालाही गरम मिळावेत म्हणून. त्यामुळे जेवणं झाली तरी निखाऱ्यांवर पाणी मारायचं नाही. वरून पाहिलं तर नुसती थंड, मऊ, राखाडी राख... आणि तीत ओवी पकडापकडी खेळताना अनवाणी धावत गेली.

घोट्यापर्यंत उजवा पाय आत गेला. ती किंकाळी मी जन्मभर विसरणार नाही.

नितीननं तिला उचलून विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याखाली धरलं. पाय बराच वेळ धुतला, ओलं फडकं गुंडाळलं आणि गाडी अकोल्याकडे काढली. मामा मागे ओवीजवळ बसले. मी पर्समधलं दुखण्याचं सिरप पाजलं, ते तिनं ओकून टाकलं. पोर नुसती किंचाळत होती, श्वास कोंडून निळी पडत होती. मेडिकलवाली बाई मी, कपाटभर औषधं घरी, आणि पोटच्या पोरीसाठी माझ्या हातात काही नव्हतं.

अकोट मागे पडलं आणि मामा बोलायला लागले. पण तो आवाज मामांचा नव्हता. शाळेत गुरुजींचा मार खाऊनही ज्यांच्या तोंडातलं "मले-तुले" गेलं नाही, ते मामा एकदम पुस्तकी मराठीत, सावकाश बोलत होते —

"डोळे मीट, बाळा. श्वास सोड. हा पाय आता तुझा नाही. तो माझ्याकडे दे. दिलास?"

"दिला," ओवी म्हणाली.

गाडीत एकदम शांतता. मला वाटलं, पोर बेशुद्ध पडली. मी मागे वळून तिला हलवलं, तर डोळे उघडून म्हणते, "आई, मला भूक लागली."

मामांकडे पाहिलं तर ते घामानं चिंब. उजव्या पायातली चप्पल काढलेली, पाऊल दोन्ही हातांनी आवळून धरलेलं, दात गच्च.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी जखम साफ करायला घेतली. फोड आलेले, कातडी लोंबत होती. "या ड्रेसिंगला मोठी माणसं ओरडतात हो," त्या म्हणाल्या. ओवी मात्र निवांत बिस्कीट खात होती. हात लावलेला कळतोय, पण दुखत नाही म्हणाली. मी अर्ध्या उघड्या दारात उभी होते. बाहेर बाकावर मामा भिंतीकडे तोंड करून बसलेले, त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. आत चिमटा लागला की बाहेर मामांची बोटं आकसायची. आत डॉक्टर थांबल्या की मामा श्वास सोडायचे. मी परत परत पाहिलं. डॉक्टरांनी मामांचं पाऊलही तपासलं, साधा ओरखडा नव्हता. गाडीत काय बोललात म्हणून विचारलं तर म्हणाले, "मी? मले तं काई याद नाही, बाई."

पुढची ड्रेसिंग अमरावतीत. मामा हिवरखेडला, शंभरावर किलोमीटर लांब. दवाखान्यातून बाहेर पडतेय तोच मामीचा फोन — "आता पोरीचं डिरेसिंग चालू होतं काय व? हे खाटीवर पडून तडफडून रायले."

त्यानंतरच्या प्रत्येक ड्रेसिंगला मामा एसटीनं अमरावतीत हजर. मी म्हटलं, "मामा, कशाला तुमी इतकी दगदग करता?"

"घरी बसूनई दुखतेच नं. मंग इथं येऊन पोट्टीचं तोंड तरी पायतो."

मी आत जाऊन बेसिनचा नळ सोडला आणि रडले. माणूस सत्तरीच्या पुढचा. आणि दुसरी भीती त्याहून मोठी — हे असंच राहिलं तर? ओवी पडेल, कापेल, भाजेल, तिला कळणारही नाही. आणि मामा म्हातारपणी तिच्या वाट्याचं सगळं सोसत बसतील.

शेवटी मी अचलपूरला युसूफचाचांकडे गेले. ते आता नातवाच्या टेलरिंगच्या दुकानात काजं-बटणं करत बसतात. त्यांना काही समजवावंच लागलं नाही. "सुई मेरे को चुभती, और चिल्लाता तेरा मामू," ते म्हणाले. मी विचारलं, मग ते दुखणं ज्याचं त्याला परत कसं मिळायचं? चाचांनी हातातला शर्ट खाली ठेवला. "जिसने दिया, वोही मांगे. दुसरा कोई मांगे तो नहीं होता, बेटा."

मी त्याच संध्याकाळी मामांना फोन केला. उद्याच ओवीला मागायला लावते म्हटलं. मामा माझ्यावर कधी नव्हे ते खेकसले, "येडी झाली काय तू? घाव भरू दे पयले!"

घाव भरला, नवी गुलाबी कातडी आली, तेव्हा मामा आमच्या घरी आले. ओवी त्यांच्या मांडीवर बसली आणि पढवल्याप्रमाणे म्हणाली, "आजोबा, माझा पाय परत द्या." मामांनी डोळे मिटले, पुटपुटले, "घे." बस्स, एवढंच. वीज चमकली नाही, दिवे गेले नाहीत. खरंच काही झालं की नाही, ते कळायलाही मार्ग नव्हता. पोरीला मुद्दाम टोचून बघायचा धीर मला होईना.

हे काय होतं, मला माहीत नाही. एका न्यूरॉलॉजिस्टना विचारलं, ते "योगायोग" म्हणून दुसऱ्या पेशंटकडे वळले. त्या बंगल्यातल्या साहेबांचे आभार मी मानणार नाही. त्यांनी दोन भोळ्या पैलवानांना न सांगता-सवरता औषधं पाजली. पण मामांचे उपकार मात्र कुठल्या जन्मी फिटतील, सांगता येत नाही. आयुष्यभर ज्यानं झोप नासवली, तेच त्यांनी माझ्या लेकरासाठी वापरलं.

पाय परत मागितल्यानंतर चार दिवसांनी ओवी शाळेतून आली, दप्तर फेकलं, आणि उजव्या पायाची करंगळी दाराच्या चौकटीवर खाडकन आपटली.

"आई गंऽऽ! मेले, मेले!" असा भोंगा पसरला की शेजारीण धावत आली. मी पोरीला कडेवर घेतलं आणि एका हातानं मामांना फोन लावला.

"मामा, तुमाले आता काई झालं काय?"

"नाई बा. मस्त च्या पिऊन रायलो. काहून?"

ओवी माझ्या खांद्यावर गळा काढून रडत होती, आणि मी तिचे मुके घेत वेड्यासारखी हसत होते.