एकाहत्तरच्या शिरगणतीतली चौदा घरं

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताची किंमत एकशे पंचाहत्तर असते. उत्तर प्रदेशच्या आमदाराची दोनशे आठ, सिक्कीमच्या आमदाराची सात. सोलापुरातल्या महापालिकेच्या शाळेत मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर मांडून शिकवलं. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येनं भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा हजारानं भागायचं. लोकसंख्या मात्र आजची घ्यायची नाही, एकोणीसशे एकाहत्तरची घ्यायची. इतकी जुनी का, असं मुलं विचारत. ज्या राज्यांनी आपली वाढ आटोक्यात ठेवली त्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून, असं मी सांगत असे. ते खरं आहे.

त्या लोकसंख्येतला एक लहानसा तुकडा मी मोजला होता आणि तो खोटा मोजला होता, हे मी कधी सांगितलं नाही.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि नोकरीला दुसरंच वर्ष होतं. शिरगणतीचं काम शाळामास्तरांकडे येई, तसं माझ्याकडे आलं. माझ्या वाट्याला मिलच्या मागची चाळ आणि तिच्यापुढे नाल्यापलीकडची तेवीस घरांची ओळ होती. ओळीत सगळी बौद्ध कुटुंबं. कुणी मिलमध्ये बदली कामगार, कुणी हमाल, आणि काही घरं दर वर्षी ऊसतोडीला अकलूजकडे जाणारी.

आदल्या वर्षी घरांना नंबर घालायला मी त्या ओळीत गेलो होतो. दारावर गेरूनं आकडा टाकायचा आणि घरात माणसं किती ते वहीत लिहायचं. तिसऱ्या घरापुढे एका म्हाताऱ्यानं बाज टाकली आणि कपबशीतून चहा आणून ठेवला. आमच्या घरी कन्नड बोलत, गळ्यात लिंग असे. आपल्यात शिवाशिव नाही, असं वडील बाहेर सांगत, आणि मी त्या बाजूला जाऊन आलो की आई मागच्या दारी पाणी तापवून ठेवी. चहा घेतला तर घरी कळेल, असं मला वाटलं. कसं कळणार होतं, हे आजही सांगता येत नाही. आकडे टाकून येतो, मग घेतो, असं म्हाताऱ्याला म्हणालो आणि ओळ संपल्यावर नाल्याच्या दुसऱ्या अंगानं निघून गेलो. जाताना मागे पाहिलं. कपबशी बाजेवर तशीच होती.

मार्चमध्ये खरी मोजणी आली. आता प्रत्येक घरात बसावं लागणार होतं, कारण दर माणसामागे एक चिठ्ठी भरायची होती. नाव, वय, धर्म, मातृभाषा, काम. चाळ मी पहिल्या दहा दिवसांत संपवली. ओळ मागे टाकत गेलो.

आमच्या शाळेत झाडलोट करणारी बाई त्या ओळीतली होती. वयानं माझ्याएवढीच. पिण्याचा माठ दुसरी बाई भरत असे, त्याचं कारण कुणी बोलून दाखवत नसे. तिची आधीची दोन मुलं जन्मल्यावर आठवड्याच्या आत गेली होती, आणि त्याच मार्चमध्ये तिला मुलगी झाली. घरीच झाली, सुईणीच्या हातून. पंधराव्या दिवशी बाई लेकराला फडक्यात गुंडाळून कामावर आली, कारण रोजंदारीवर होती. व्हरांड्यात झाडू थांबवून मला म्हणाली, ओळीत कधी येणार, येत्या गुरुवारी सगळी घरी आहेत, पोरीचं नाव तुमच्या हातानं लिहायचंय. येतो म्हणालो. गुरुवारी गेलो नाही.

तेवीस घरांपैकी नऊ घरांना खरोखर कुलूप होतं, ती माणसं अकलूजच्या उसात होती. अशा माणसांना ती जिथं असतील तिथं मोजतात, तो नियमच होता. मी तेवीसही घरांपुढे लिहिलं, ‘बंद, ऊसतोडीस बाहेरगावी.’ आदल्या वर्षीच्या माझ्याच वहीप्रमाणे उरलेल्या चौदा घरांत अडुसष्ट माणसं होती. तपासणीला आलेले हेडमास्तर म्हणाले, सगळीच गेली? मी म्हणालो, पाडव्यापर्यंत येत नाहीत. त्यांनी सही केली.

एप्रिलचे पहिले तीन दिवस फेरतपासणीचे असत. त्यातल्या एका सकाळी बाईनं मला शाळेच्या पायरीवर गाठलं.

“गुरुजी, आमच्यात आला न्हाईसा. पोरीचं राह्यलं की.”

“लिहिलं,” मी म्हणालो. “शाळेतल्या शाळेत भरून टाकलं. तुझं सगळं मला माहीतच आहे.”

“काय लिवलं?”

मी मुलीचं नाव घेतलं. वय शून्य, असं सांगितलं. वर्षाखालच्या मुलाचं वय शून्यच लिहीत. तिला हसू आलं. शून्य म्हणजे मग ती आहे की नाही, असं तिनं विचारलं. आहे, मी म्हणालो, सरकारच्या पुस्तकात गेली ती आता. तिनं लेकराच्या कपाळावरून हात फिरवला आणि झाडायला लागली.

श्रावणात मुलीला जुलाब लागले आणि दोन दिवसांत ती गेली. जन्माची नोंद नव्हती, म्हणून मृत्यूचीही झाली नाही. फोटो नव्हता. आठ दिवसांनी बाई कामावर आली. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलायला गेलो, तर तीच मला म्हणाली, “तुमच्या हातनं लिवलं गेलं, तेवढं बरं झालं. न्हायतर ती आली व्हती ह्येच कुणाला कळलं नसतं.”

त्या दिवशी सांगता आलं असतं. नोकरी जाईल ही भीती होती, पण खरं सांगायचं तर तिच्या तोंडाकडे बघून मला ते जमलं नसतं, आणि पुढे न जमण्याची सवय झाली.

ती पुढे महापालिकेत कायम झाली, तिला एक मुलगा झाला, तो रेल्वेत लागला. मी हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. दोघांचं निवृत्तिवेतन एकाच बँकेत, म्हणून दर नोव्हेंबरात आमची गाठ पडे. त्या महिन्यात आम्ही सगळे म्हातारे आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला रांगेत उभे असतो. मी आता तिला अहो-जाहो करतो. ती मला अजून गुरुजी म्हणते.

मागच्या राष्ट्रपती निवडणुकीच्या वर्षी तिची नात तिच्याबरोबर बँकेत आली होती. नात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिनं मला आमदारांच्या मताबद्दल विचारलं आणि मी, जुनी खोड, बँकेच्या स्लिपमागे गणित मांडून दाखवलं. बाई बाकावरून ऐकत होती.

“एकाहत्तरची मंजी तुमी लिवलेली?”

“हो, तीच.”

“मंजी राष्ट्रपती करताना आमची पोरगी बी धरत्यात त्यात?”

नात माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली. बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि रांगेतल्या शेजारणीला ते सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वीचं खोटं बावीस वर्षांच्या घाबरट मास्तराचं होतं. हे दुसरं म्हाताऱ्या माणसानं, कुणाची भीती नसताना सांगितलं.

घरी येऊन मी ते गणित अडुसष्ट माणसं आणि एक मुलगी धरून पुन्हा केलं. राज्याची लोकसंख्या पाच कोटी चार लाख बारा हजार दोनशे पस्तीस. आमदार दोनशे अठ्ठ्याऐंशी. उत्तर एकशे पंचाहत्तर. ती माणसं घातली तरी एकशे पंचाहत्तर. मग उलट करून पाहिलं. आणखी दीड लाख माणसं गाळली असती तरी तो आकडा हलत नाही, कारण अपूर्णांक जवळच्या पूर्णांकात जातो. मला सुटल्यासारखं वाटेल, असं वाटलं होतं. तसं झालं नाही. दीड लाख माणसं नसली तरी ज्याला फरक पडत नाही, अशा आकड्यात मी तिची मुलगी आहे म्हणून सांगून आलो होतो.

गेल्या नोव्हेंबरात बाई बँकेत एकटी आली होती. तिनं मला बाजूला घेतलं. नवी शिरगणती होणार, आणि आज ना उद्या ते एकाहत्तरचे आकडे काढून नवे घालणार, असं नातीनं तिला सांगितलं होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की पोरीचं नाव जायच्या आधी त्या चिठ्ठीची नक्कल मिळेल का. अर्ज नात लिहील, सही मी करायची, कारण मोजणारा मी.

मला एक वाट मोकळी होती. त्या चिठ्ठ्या गुप्त असतात, नक्कल कुणालाच देत नाहीत, आणि इतक्या जुन्या चिठ्ठ्या आता उरल्याही नसतील. यातला शब्दन् शब्द खरा. तेवढं सांगितलं असतं तर ती गप्प बसली असती आणि मुलगी तिच्यापुरती तिथंच राहिली असती. तीन आठवडे मी हेच घोकत होतो. मग एका दुपारी तिच्या घरी गेलो.

नाला आता झाकला आहे, वर रस्ता आहे. ओळीत सगळी स्लॅबची घरं आहेत. तिनं मला खुर्ची दिली, आत जाऊन चहा टाकला, कप आणून पुढ्यात ठेवला आणि अर्ज कुठं आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. मी इथं आलोच नव्हतो. कुणाचीच चिठ्ठी भरली नाही. तुमची मुलगी त्यात नाही.

ती समोर भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, “मंजी मी बी न्हाय व्हय त्यात?”

“नाही.”

भिंतीवर तिच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. तिनं त्याच्याकडे बोट केलं. “आन् ह्ये?”

“नाही.”

इतकी वर्षं मी त्या एका मुलीचं ओझं वाहत होतो. बाईही त्यात नाही, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“का वो गुरुजी?”

मी कारण सांगितलं. दुसरं काही सांगण्याजोगं नव्हतंच. आत आलो असतो तर चहा घ्यावा लागला असता, म्हणून.

“चा?” ती म्हणाली. “नगो म्हणला असता तर आमी काय धरून पाजला नसता की.”

खिशातून पेन काढून मी म्हणालो, मी आत्ता लिहून देतो, नाव, वय, सगळं, खाली माझी सही करतो. तिनं विचारलं, तो कागद कुठं जाणार? कुठंच नाही, मी म्हणालो.

“मग नगा. मला सांगितलं तसं ओळीत सगळ्यास्नी सांगा. चौदा घरं हायती न्हवं? त्यांची बी म्हातारी माणसं आपली मोजणी झाली असं धरूनच गेली की.”

कपावर साय धरली होती. गार झाला, असं म्हणून तिनं तो उचलला आणि आत नेला. मोरीत ओतल्याचा आवाज आला. ती पुन्हा बाहेर आली नाही.

तिचं घर धरून आजवर दहा घरं झाली आहेत. काही ओळीतच आहेत, एक मोहोळला, दोन पुण्याला, तिथं फोनवर बोललो. एका घरातल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की आता त्याचं काय करायचं. एकानं शिव्या दिल्या. चार घरांचा ठावठिकाणा लागत नाही. त्यांच्यापर्यंत कुणाच्या हातून पोचलं तर पोचावं, म्हणून हे लिहिलं. मार्च एकोणीसशे एकाहत्तरमध्ये मिलच्या मागे, नाल्यापलीकडे चौदा घरं उघडी होती. त्यांत अडुसष्ट माणसं होती आणि एक मुलगी होती, वय शून्य. सगळी हजर होती. मोजणारा आला नाही.

आता कुणाच्या दारी गेलो की मी आत जात नाही. आधी उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगतो, म्हणजे चहा टाकायचा की नाही हे त्यांना ठरवता येतं. आतापर्यंत दोघांनी आत बोलावलं.