नानांचा खालचा बाण

माझ्या वडिलांनी माझा लेख आयुष्यात एकदाच वाचला, आणि त्याच दिवशी इंटरनेटवर मला बंदी आली.

माझं कराडात चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी लिहितो. (म्हणजे बरंच लिहितो!) मागं अख्ख्या मसुरावर काळजाला हात घालणारा लेख लिहिला आणि त्याची लिंक एका चर्चेच्या साइटवर टाकली. तिथं लोक लिंका टाकतात, बाकीचे वरचा नाहीतर खालचा बाण दाबून मत देतात, आणि मग खाली भांडत बसतात. ज्याला वरचे बाण जास्त, तो लेख सगळ्यात वर. माझ्या लेखाला दिवसभरात एक मत पडलं. तेही माझंच!

त्याच आठवड्यात बहिणीच्या मुलाचं बारसं आमच्या घरी होतं. शिराळ्याहून आत्या, काका, सगळी फौज हजर! मी संधी साधली.

"आत्या, मोबाईल दे जरा. तुझं खातं काढतो."

"बँकंत हाय की रं माझं!"

"हे मत द्यायचं खातं."

"मग बोटाला शाई लावत्यात का?"

घुगऱ्या चघळत सगळ्यांनी आमच्याच वायफायवरून वरचा बाण दाबला. पाळण्यात बाळ रडतंय, बहीण ओरडतेय, "दादा, नाव तरी ठेवू दे!" पण लेख पहिल्या पानावर पोचला होता!

तेवढ्यात आत्यानं लेखाखाली जाहीर प्रतिक्रिया दिली: 'बाळू लय भारी. पोटाचं बरं हाय का आता?' एका अनोळखी माणसानं खवचटपणे विचारलं, 'हे सगळे लेखकाचे नातेवाईक का?' काकांनी अभिमानानं लिहिलं, 'व्हय! सख्खे!'

राहता राहिले नाना. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले माझे वडील. त्यांचंही खातं काढून मोबाईल हातात दिला.

"नाना, फक्त वरचा बाण दाबा."

"न वाचता? आपल्याला न्हाई जमायचं!"

नाना खुर्चीत बसून ओळ न् ओळ वाचू लागले. इतकी वर्षं लिहितोय, पण नानांनी कधी माझ्या कागदाकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. मधेच त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, गहिवरले!

नानांनी खालचा बाण दाबला. शिवाय प्रतिक्रियाही लिहिली: 'लेखक माझा थोरला पोरगा हाय. म्हणतोय, आई चुलीवर मसूर शिजवायची. आवं, ह्येच्या जन्माआधीपास्नं घरात ग्यास हाय! सुट्टीवर आलो की मसूर मी करायचो, आन् ह्यो ताटाखाली लपवायचा. खरा मसूर असा करत्यात...' आणि पुढं अख्ख्या मसुराची अख्खी कृती!

लोक हसून लोळले. नानांच्या प्रतिक्रियेला माझ्या लेखाहून जास्त मतं पडली. आत्यानं तर माझं मत काढून नानांना दिलं! "खरं हाय त्येचं," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत साइट चालवणाऱ्यांचा निरोप आला: 'एकाच घरातून ढीगभर खाती. लेख काढला आहे, लेखकाला बंदी.' आत्या, काका, सगळ्यांची खाती उडाली. वाचलं फक्त नानांचं! त्यांनी माझ्याविरुद्ध मत दिलेलं, म्हणजे माणूस निःपक्षपाती!

मग लोकांच्या आग्रहावरून नानांनी स्वतःचाच लेख टाकला. वरण, पिठलं, फौजेतलं जेवण. सुसाट वर निघाला. माझा ऊर भरून आला. बाप जिंकत असताना मुलानं हात बांधून बसायचं? मी बायकोच्या मोबाईलवर खातं काढलं आणि नानांना वरचा बाण दिला.

दुसऱ्या दिवशी नाना दुकानात आले. गिऱ्हाईकासमोर मोबाईल आपटला.

"माझं बी खातं बंद केलं रं त्येनी! घरातनं मत गेलं म्हणं."

मी खाली मान घातली. नाना सगळं समजले.

"बाळ्या," ते म्हणाले, "तुझा लेख कुणाला पचला न्हाई ते न्हाई, आता तुझं मत बी पचंना झालंय!"